समोरची खुर्ची

खोकं मीच उघडलं. कुरिअरवाला पुढच्या दाराने आला की त्याला मागे पाठवतात, आणि मागच्या दाराशी माझी खोली, म्हणून सहीही माझी आणि कात्रीही माझीच. आत नुसत्या काळ्या पट्ट्या. कापडाची गोल चकती आणि तिला रबराची दोरी; चकती एका डोळ्यावर बसवायची आणि दोरी डोक्यामागे न्यायची. मी एक बोटाला अडकवून बघत होते, तेवढ्यात आमची उत्साहमंत्री धापा टाकत आली आणि तिने खोकं उचलून छातीशी धरलं.

“ताई, तुम्ही कशाला उघडलंत?”

“मग काय वास घेत बसू? काय आहे हे?”

“काही नाही. म्हणजे आहे, पण तुमच्यासाठी नाहीये.” एवढं बोलून ती कानापर्यंत लाल झाली.

उत्साहमंत्री हे नाव तिला आमच्या मेकॅनिक लोकांनी ठेवलेलं. खरं पद बरंच लांबलचक आहे. माणसं कामावर खूश आहेत ना हे बघायचं, आणि नसतील तर त्यांना खूश व्हायला लावायचं, एवढं त्याचं सार. पोरगी वाईट नाही. माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर.

“शुक्रवारी आपल्याकडे समुद्री चाच्यांचा दिवस आहे,” ती खोक्याशी बोलावं तशी बोलू लागली. “सगळ्यांनी तसे कपडे करून यायचं. तलवारी, टोप्या, मिशा. मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांची स्पर्धा ठेवलीय. फोटो पाठवायचेत.”

“आणि ह्या पट्ट्या?”

“चाचे म्हटल्यावर...”

“चाचे म्हटल्यावर एक डोळा झाकलेला हवा.”

ती खोक्याकडे बघत राहिली. माझा डावा डोळा काचेचा आहे. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्हीही तिच्यासारखे खोक्याकडे बघत बसणार नाही.

तीन वर्षं झाली, पण आमच्या कचेरीत माझ्यासमोर ‘डोळा’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. आणि आपल्या बोलण्यात तर पावलोपावली डोळे. हिशेबनीस एकदा ‘डोळ्यांत तेल घालून’ म्हणायला गेला, मध्येच मला बघून बिचकला आणि म्हणाला, आम्हाला डोक्यात तेल घालून काम करावं लागतं. साहेब एका मेकॅनिकला झापत होते, ‘माझ्या डोळ्यादेखत’ म्हणायचं होतं, तर डोळा गिळून नुसतं ‘माझ्यादेखत, माझ्यादेखत’ करत राहिले. शब्द काढला नाही म्हणजे मला विसर पडेल, असं ह्या लोकांना वाटतं. माझ्या घरी आरसा आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

“म्हणून साहेब म्हणाले,” ती पुढे बोलली, “तुम्ही शुक्रवारी सुट्टी घ्या. भरपगारी. तुम्हाला उगाच त्रास नको.”

“मला कसला त्रास?”

“तसं नाही ताई. पण सगळ्यांना जरा मोकळेपणाने मजा करता यायला हवी ना.”

हे वाक्य तिच्या तोंडून निसटलं, आणि सगळ्या बोलण्यात तेवढंच खरं होतं. तिला ते कळलं. ती खोकं घेऊन जवळजवळ पळालीच. बोटाला अडकलेली पट्टी माझ्याकडेच राहिली. मी ती कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बिघडल्या की दुरुस्त करते. आधी मी समोर बसायचे. काचेच्या दारातून कुणीही आत आलं की त्याला पहिल्यांदा मी दिसायचे, आणि मी म्हणायचे, “बोला.” आमच्या धंद्यात येणारी माणसं रागावलेलीच असतात, लिफ्ट नीट चालत असली की कंपनीची आठवण कुणाला होत नाही. त्यांना आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग ऐकायचं. वीस वर्षं मी ती खुर्ची सांभाळली. त्या खुर्चीची उशीसुद्धा माझी, आमच्या ह्यांनी शिवलेली.

मग डोळ्याचं झालं. स्कूटरच्या कॅरियरवर सामान बांधायला ती ताणली जाणारी दोरी असते ना, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे असलेली. हे कापडाचा तागा बांधत होते. मी दुसऱ्या बाजूने तागा धरून वाकले होते. आकडा सुटला. एवढंच. त्यांच्या हातातून सुटला, त्यांनी सोडला नाही, हे मी त्यांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगायचं सोडून दिलं.

डॉक्टरांनी काचेचा डोळा छान बसवला, रंगही जुळवला. फक्त तो दुसऱ्याइतका हलत नाही. मी कामावर परत आले, त्याच आठवड्यात एका बिल्डरने काउंटरवर कोपर टेकून विचारलं, “ह्या बाई बोलतात माझ्याशी आणि बघतात कुठे?” दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “तुम्हाला आरामाची गरज आहे. काही दिवस आत बसून तक्रारींचा फोन घ्या. तुमचा आवाज ही आपल्या कंपनीची खरी ओळख आहे.” ते काही दिवस अजून संपायचे आहेत.

आतल्या खोलीला खिडकी नाही. एक टेबल, एक फोन, भिंतीला टेकवलेले लिफ्टचे जुने दरवाजे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं, की माझ्या टेबलावर घंटी वाजते. अंधारात अडकलेल्या माणसाला माझा चेहरा लागत नाही हे खरं. तो नुसता आवाज धरून उभा असतो. ते काम मला जमतं आणि आवडतंही. पण मला आत ठेवलं ते त्यासाठी नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि तीन वर्षं त्याचा राग गिळून मी लोकांना शांत राहायला सांगत आले. समोर आता एक मुलगी बसते. बारीक, भित्री, सगळे तिला चिमणी म्हणतात. कुणी आवाज चढवला की ती आतल्या फोनवर मला विचारते, “काकू, एक जण टेबलावर हात आपटतोय, काय म्हणू?” मी सांगते, “आधी बसा म्हण.”

त्या संध्याकाळी घरी गेले. घराच्या पुढच्या खोलीत आमच्या ह्यांचं शिलाईचं दुकान आहे. मशीनवर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची एक भली रुंद विजार पसरली होती. ती रुंदी मी ओळखली. आमच्या हिशेबनिसाशिवाय तेवढी दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“आठवडा झाला,” हे मशीनकडेच बघत म्हणाले. “तुझ्या कचेरीतले चार-पाच जण येऊन गेले माप द्यायला.”

“आणि मला बोलला नाहीत.”

“काय बोलू?”

जेवायला बसलो तेव्हा ते नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या हाताला बसले. तीन वर्षं ते उजवीकडेच बसतात. चालताना उजवीकडे, पलंगावर उजवीकडे. पूर्वी ते डावीकडे झोपायचे. लोकांना वाटतं, मला दिसावेत म्हणून. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं आणि मी सुखावायचे. मग एकदा मी अचानक मान वळवली, माझी डावी बाजू त्यांच्यासमोर आली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

“सुट्टी देतायत ना,” ते म्हणाले. “मग घे. कशाला जातेस त्या गोंधळात?”

“मी जाणार आहे.”

ते उठले. मशीनच्या खणातून काहीतरी काढून त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवलं. डोळ्यावरची पट्टीच होती, पण कशी. काळं साटन, आतून मऊ अस्तर, कडेला इतका बारीक टाका की बोटाला लागू नये. दोरीऐवजी रेशमी फीत.

“जायचंच असेल तर ही बांध,” ते म्हणाले. “त्यांची रबराची टोचेल.”

“कुणासाठी शिवलीत ही?”

“कुणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी.”

“खरं सांगा.”

त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “मला बघवत नाही गं.”

मला इतका राग आला की घास तोंडात फिरू लागला. “तुम्हाला बघवत नाही म्हणून मी झाकून ठेवू? त्या बिल्डरला बघवलं नाही म्हणून काळा चष्मा घेतला. साहेबांना बघवत नाही म्हणून आत जाऊन बसले. आता तुम्ही. माझं मला बघवतं का, हे विचारलंत कधी कुणी? रोज सकाळी तो डोळा काढून मी धुते, तेव्हा आरशात कोण बघतं? मीच बघते. आणि मला काही होत नाही.”

हे खाली मान घालून बसले होते. बोलून झाल्यावर मला त्यांचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण बोललेलं मागे घेतलं नाही.

“मला कोट हवाय,” मी म्हणाले. “लाल. कप्तानाचा. आणि टोपी.”

“आणि ही?”

“ती नको.”

पुढचे दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मशीनचा आवाज तेवढा चालू असायचा. शुक्रवारी सकाळी खुंटीवर कोट लटकत होता. जुन्या पडद्याचं जाड लाल कापड, दोन ओळींत पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर. असा कोट खऱ्या कप्तानालाही मिळाला नसेल. शेजारी काळी टोपी. टोपीला साटनची फीत गुंडाळलेली होती, मऊ अस्तराची, कडेला बारीक टाका घातलेली. त्यांनी ती पट्टी उसवली होती. मी फितीवरून बोट फिरवलं. हे मशीनवरून उठले नाहीत.

मग मी काचेचा डोळा काढला, धुतला आणि पाण्याच्या वाटीत ठेवून दिला. काळा चष्मा खणात टाकला. त्या बाजूची पापणी अर्धी उतरलेली असते, आत खळगा आहे, गुलाबी. सुंदर नाही, पण घाणही नाही. माझा आहे. टोपी घातली आणि स्कूटरवर मागे बसले.

“मागच्या दाराला?” त्यांनी सवयीने विचारलं.

“पुढच्या.”

त्यांनी पुढच्या दाराला सोडलं, आणि मान न वळवता निघून गेले.

आत जत्रा होती. छताला कागदी शिडं, भिंतींना कवट्या. साहेबांच्या कमरेला प्लास्टिकची तलवार आणि खांद्यावर टाचणीने अडकवलेला हिरवा पोपट. आणि झाडून सगळ्यांच्या एका डोळ्यावर पट्टी. आता एका डोळ्याची एक गोष्ट असते. समोर वस्तू आहे हे दिसतं, ती किती लांब आहे हे कळत नाही. मला त्याची सवय व्हायला वर्ष लागलं. ह्या लोकांचा तर पहिलाच तास. हिशेबनिसाने मेकॅनिकशी हात मिळवायला हात पुढे केला आणि दोघांचे हात एकमेकांना चुकवून गेले. कुणीतरी पेल्यात पाणी ओतायच्या नादात टेबलावर ओतलं. साहेब केबिनमधून निघताना चौकटीला खांदा आपटून आले, पोपट मान टाकून लोंबू लागला. मला हसू आलं, आणि मी खूप दिवसांनी त्या जागेत मोठ्याने हसले.

तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

उत्साहमंत्री पुढे आली. “ताई, तुमची तर आज सुट्टी...”

“मी मागितली नव्हती.”

“वा, वा,” साहेब म्हणाले, पण बघत होते कोटाच्या बटणांकडे. “कोट झकास आहे. फक्त तो तुमचा चष्मा... चष्मा विसरलात वाटतं घरी.”

“चाचे काळा चष्मा लावत नाहीत साहेब.”

“बरोबर, बरोबर. मग एखादी पट्टी द्या रे ह्यांना. असतील ना जास्तीच्या?”

“पट्टी त्याने लावायची ज्याला दोन डोळे आहेत,” मी म्हणाले. “मला एकच आहे. मी नाटक कशाला करू?”

शब्द न गिळता कुणीतरी बोललं, त्याचाच सगळ्यांना धक्का बसला असावा. चिमणीने हळूच आपली पट्टी कपाळावर सरकवली. मी सरळ माझ्या खोलीकडे गेले. दार उघडलं तर आत रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली, आणि पुठ्ठ्याचं एक अर्धं जहाज. टेबल सापडेना.

“माझा फोन कुठेय?” मी विचारलं.

“आजच्यापुरती लाइन समोर घेतलीय,” उत्साहमंत्री पुटपुटली. “तुम्ही नसणार म्हणून. चिमणी घेतेय फोन.”

ती एवढं म्हणतेय तोच पुढचं काचेचं दार धाडकन उघडलं आणि एक बाई आत आल्या. घरच्या कपड्यांवर, हात ओले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

“अर्धा तास फोन लावतेय मी,” त्या दारातूनच म्हणाल्या. “अर्धा तास. नुसता एंगेज. शेवटी धावत आले. माझे सासरे लिफ्टमध्ये अडकलेत, मागच्या गल्लीत, एकटे. ऐंशी वर्षांचे आहेत.”

आणि मग त्यांना आम्ही दिसलो. पट्ट्या, मिशा, तलवारी, मान टाकलेला पोपट. त्या एकेकाकडे बघत गेल्या. साहेब पुढे होऊन काही म्हणणार होते, पण तलवार खुर्चीत अडकली.

“इथे माणूस कोण आहे?” त्या बाईंनी विचारलं.

मी काउंटरमागे गेले आणि खुर्चीत बसले. तीन वर्षांनी बसले. उशी माझीच होती.

“बोला,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डाव्या बाजूवर त्यांची नजर क्षणभर थांबली, मी ती थांबू दिली. मग त्या पुढे आल्या आणि इमारत सांगितली, कुठल्या मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली ते सांगितलं. मी फोनकडे हात नेला, तर रिसीव्हर जागेवर नव्हताच. खाचेच्या अगदी कडेला, बोटभर अलीकडे ठेवलेला होता. लांबून बघणाऱ्याला नीट ठेवलाय असंच वाटावं. सकाळपासून फोन उघडा होता आणि साठ माणसांच्या कचेरीत कुणालाही कळलं नव्हतं.

मी रिसीव्हर खाचेत दाबला. हात उचलायच्या आतच घंटी वाजली. लाल बटणाची.

“मेलात का सगळे?” पलीकडून म्हातारा आवाज आला.

“नाही आजोबा, आहोत. तुमच्या सूनबाई माझ्या समोर उभ्या आहेत. तुम्हाला श्वास नीट लागतोय ना?”

“श्वासाला काय धाड भरलीय? पाय दुखतायत.”

“मग खाली बसा.”

“बसलो तर उठवणार कोण?”

“माणूस निघालाय. तोच उठवेल.” मी मेकॅनिककडे बोट केलं. त्याने पट्टी उपटून फेकली, हत्यारांची पिशवी उचलली आणि धावत सुटला. “आजोबा, एक सांगून ठेवते. दार उघडलं की घाबरू नका. डोक्याला लाल रुमाल बांधलेला, काळ्या मिशा रंगवलेला माणूस दिसेल.”

“कोण? दरोडेखोर?”

“आजच्यापुरता.”

आजोबा हसले की खोकले कळलं नाही. मी त्यांना बोलतं ठेवलं. नातवंडं किती, सकाळी काय खाल्लं, लिफ्टमध्ये आरसा आहे का. सूनबाई काउंटरला धरून उभ्या होत्या. मी एकीकडे त्यांना बसवलं, पाणी दिलं. पेल्याच्या कडेला बाटलीचं तोंड टेकवून पाणी ओतलं, थेंबही सांडला नाही. त्या दिवशी इतक्या वर्षांनी माझा आवाज आणि माझा चेहरा एका जागी होते. मला रडू येईल असं वाटलं, पण आजोबा कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होते, ती ऐकणं भाग होतं.

मेकॅनिक पोचला, दार उघडल्याचा आवाज आला आणि आजोबांची शिवी ऐकू आली. मी फोन ठेवला. ठेवून वरून दाबला. चिमणी माझ्या मागे उभी राहून रडत होती.

“काकू, शप्पत, मी नीट ठेवला होता.”

“नीटच ठेवला होतास. एका डोळ्याला तो तसाच दिसतो. नुसतं बघायचं नाही, हात लावायचा.”

त्या बाई निघाल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि सगळ्यांदेखत, जसं कुणी पत्ता विचारावा तसं विचारलं, “डोळ्याला काय झालं हो तुमच्या?”

तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मागे कुणाचा तरी श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

“स्कूटरच्या दोरीचा आकडा लागला,” मी म्हणाले.

“अरे देवा. दुखतं का अजून?”

“आता नाही दुखत.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि सासऱ्यांकडे गेल्या. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी साठ माणसांनी तीन वर्षं आपली जीभ चावली होती.

दुपारी फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, कप्तान मध्ये बसा. साहेब म्हणाले, ताई, जरा अशा कडेला वळून. मी वळले नाही. कॅमेऱ्यात जेवढं सरळ बघता येतं तेवढं बघितलं. उत्साहमंत्री माझ्या शेजारी उभी होती. फोटोच्या वेळी तिने पट्टी काढून मुठीत धरली होती. मला ते आवडलं. तो फोटो स्पर्धेला पाठवला की नाही, मी विचारलं नाही. बक्षीस दुसऱ्याच शाखेला मिळालं.

संध्याकाळी मी केबिनमध्ये गेले. पोपट अजून साहेबांच्या खांद्यावर होता, त्यांच्या लक्षात नसावं.

“छान झालं आज,” ते म्हणाले. “सोमवारपासून खोली रिकामी करून देतो. नेहमीसारखं चालू.”

मी खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. “नेहमीसारखं म्हणजे समोर. मी वीस वर्षं समोरच बसत होते. तक्रारीची लाइनही तिथेच राहू द्या. चिमणी आणि मी मिळून बघू.”

“अहो, पण येणारे ग्राहक...”

“आज आली होती ना एक ग्राहक.”

“तसं नव्हे. तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय मी. लोक काहीबाही विचारतात.”

“विचारू देत. मी सांगेन.”

ते पेन उघडझाप करत राहिले. “बघू,” म्हणाले.

“साहेब, मी विचारायला आले नाहीये. सोमवारी मी समोर बसणार आहे. मला आत पाठवायचं असेल तर काउंटरपाशी या आणि कारण सांगा. पण शब्द न गिळता सांगा. माझ्याकडे बघून.”

साहेब किल्लीकडे बघत होते. मी निघताना त्यांना पोपटाबद्दल सांगितलं.

सोमवारी मी काचेचा डोळा लावला नाही. उद्या लावावासा वाटला तर लावेन, तो माझा प्रश्न आहे. साधा पांढरा वाचायचा चष्मा लावला. ह्यांनी स्कूटर काढली. पुढच्या दाराला सोडून गेले. चिमणीने काउंटरमागे आणखी एक खुर्ची आणून ठेवली होती आणि उशीची खुर्ची मोकळी सोडली होती. साहेब आले, एकदा थांबले, आणि केबिनमध्ये गेले. बाहेर आले नाहीत.

सकाळभर माणसं येत राहिली. एक जण सगळं बोलणं कॅलेंडरशी बोलला. एक जण बघून दचकला आणि नको इतका नम्र झाला. बाकीच्यांना लिफ्टची काळजी होती. मी बोला म्हणत होते, ते बोलत होते.

दुपार व्हायच्या सुमाराला रांगेत मला ओळखीचा सदरा दिसला. हे होते. हातात माझा डबा. सकाळी स्कूटरलाच लटकत राहिला असणार. माझ्या अपघातापासून ते ह्या कचेरीत आत आले नव्हते. त्यांचा नंबर येईपर्यंत ते इतरांसारखे थांबले. मग काउंटरपाशी आले आणि सवयीने माझ्या उजव्या हाताला सरकले. तिथे क्षणभर उभे राहिले. आणि मग हळूहळू चालत मध्ये आले, अगदी माझ्या समोर.

मी रोजचंच म्हणाले, “बोला. काय काम आहे?”

त्यांनी डबा काउंटरवर ठेवला.

“काही नाही,” ते म्हणाले. “बघायला आलो.”

“मग बघा.”

ते बघत उभे राहिले. त्यांच्या मागे दोन माणसं खोळंबली होती. मी त्या दोघांना म्हटलं, जरा थांबा.